सातवीतल्या मुलाला टॅकल फुटबॉल खेळू द्यावे का?

धागाकर्ता: उत्तरडॅलसकर

सर्वांना नमस्कार. डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात आम्ही चौदा वर्षांपासून राहतो. आमचा मुलगा येत्या ऑगस्टमध्ये सातवीत जाईल, आणि टेक्ससच्या शाळांमध्ये सातवी म्हणजे टॅकल फुटबॉलचे, म्हणजे चेंडूवाल्याला अंगावर धावून जाऊन पाडायच्या अमेरिकी फुटबॉलचे, पहिले वर्ष. उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी शाळेकडून कागदांचा एक गठ्ठा घरी आला. वैद्यकीय तपासणी, विमा, उन्हात घ्यायची काळजी या कागदांवर मी सह्या करून टाकल्या. शेवटचा कागद मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांविषयी होता. ही माहिती आम्ही वाचली असून धोक्याची आम्हांला जाणीव आहे, अशा आशयाच्या मजकुराखाली दोन रेघा होत्या, एक विद्यार्थ्याच्या सहीसाठी आणि एक पालकाच्या. मुलाने आपली नवी, वहीच्या मागच्या पानावर गिरवून पक्की केलेली सही त्याच संध्याकाळी ठोकून दिली. माझी रेघ तीन आठवड्यांपासून रिकामी आहे.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की यातला प्रत्येक डाव जेमतेम काही सेकंदांचा असतो. चेंडूच्या दोन्ही बाजूंना खेळाडू हातभर अंतरावर वाकून उभे राहतात आणि चेंडू हलताच एकमेकांवर आदळतात. एका सामन्यात असे शंभराहून अधिक डाव होतात, आणि चेंडू कोणाकडेही गेला तरी पुढच्या रांगेतल्या मुलांची टक्कर चुकत नाही. त्यात सातवीचे वय असे, की एकाच संघातल्या एका मुलाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नसतो.

मी या खेळाचा विरोधक नाही, हे आधीच कबूल करतो. या देशात आलो तेव्हा सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनजवळ उभे राहून बोलायला माझ्याकडे विषय नसे. तो विषय मला या खेळाने दिला. शुक्रवारी रात्री आमचे अर्धे गाव शाळेच्या स्टेडियमवर असते आणि आम्हीही तिथेच असतो. बायकोचा मात्र पहिल्या दिवसापासून ठाम नकार आहे, आणि तिचा एक प्रश्न मला खोडता आलेला नाही: ज्या धोक्याचा अर्थ आपल्यालाच नीट कळत नाही, त्याची जाणीव असल्याचे बारा वर्षांच्या मुलाकडून लिहून घेणे, ही कोणत्या प्रकारची संमती आहे?

प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की डोक्याला मार लागून कंकशन झाले तर मुलाला ताबडतोब बाहेर काढतात आणि डॉक्टरने परवानगी दिल्याशिवाय परत घेत नाहीत, तेव्हा काळजी नसावी. वैद्यकीय क्षेत्रातील मंडळींनी आणि ज्यांची मुले हा खेळ खेळली आहेत अशा पालकांनी कृपया सविस्तर लिहावे.

करडापदार्थ

मी ओहायोमध्ये न्यूरोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. आपल्या प्रशिक्षकांनी सांगितले ते खोटे नाही, पण त्यात मूळ मुद्दाच निसटला आहे.

कंकशन म्हणजे असा मार, की ज्याची लक्षणे दिसतात: भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली अशा मुलाला मैदानाबाहेर काढणे बंधनकारक करणारा कायदा केला, आणि पुढच्या पाच वर्षांत सर्व राज्यांत त्या धर्तीचे कायदे झाले. ते चांगलेच झाले. परंतु मराठीत आपण ज्याला मुका मार म्हणतो, म्हणजे ज्याची जखम नाही, सूज नाही आणि तक्रारही नाही, तो या कायद्यांत कुठेच येत नाही. आणि गेल्या वीस वर्षांतील संशोधनाचा रोख त्याच्याकडेच आहे.

कवटीतल्या द्रवात तरंगणारा मेंदू घट्ट लावलेल्या दह्याइतका मऊ असतो. डोके वेगाने जाऊन अचानक थांबले, विशेषतः थांबताना गर्रकन वळले, की मेंदूच्या आतले थर एकमेकांवर सरकतात आणि चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, ते काम ते उत्तम करते. परंतु कवटीच्या आत होणारी ही हालचाल थांबवणे त्याला शक्य नाही. असे धक्के वर्षानुवर्षे बसत राहिले, तर काही जणांच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचू लागतात, आणि त्याही ठरावीक जागी: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. अल्झायमरमध्येही टाऊ साचते, पण त्याची मांडणी निराळी असते. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई म्हणतात. मुष्टियोद्ध्यांमधील या प्रकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने १९२८ सालीच केले होते. फुटबॉलच्या बाबतीत ते व्हायला २००२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाचा विख्यात सेंटर माइक वेब्स्टर वयाच्या पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने वारला. सेंटर म्हणजे प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू मागे देणारा आणि त्याच क्षणी समोरच्याची धडक घेणारा खेळाडू. सतरा हंगाम खेळलेला, चार सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचे अंतिम सामने, जिंकलेला हा माणूस शेवटच्या वर्षांत कधी कधी आपल्या ट्रकमध्येच झोपत असे. शवविच्छेदन बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या तरुण पॅथॉलॉजिस्टकडे आले. मेंदू वरकरणी अगदी निरोगी दिसत होता. तरीही त्यांनी तो जपून ठेवला, त्याच्या चकत्या करवून घेतल्या आणि त्यांत टाऊच्या गुठळ्या त्यांना सापडल्या. २००५ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा व्यावसायिक संघांची संघटना असलेल्या एनएफएलच्या वैद्यकीय समितीने तो मागे घेण्याची मागणी केली. ही समिती १९९४ पासून होती, आणि तिचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांधेदुखीच्या तज्ज्ञाकडे होते. मेंदूविकार आणि फुटबॉल यांचा संबंध एनएफएलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने उघडपणे मान्य केला तो २०१६ मध्ये.

आता आकड्यांविषयी, कारण ते अर्धवट वाचले जातात. बोस्टन विद्यापीठात ॲन मकी यांच्या गटाने २०१७ साली जाहीर केले, की एनएफएलमध्ये खेळलेल्यांच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई आढळला. म्हणजे खेळणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना हा विकार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिघडल्याची शंका होती, त्यांचेच मेंदू प्रामुख्याने दान झालेले आहेत. त्यापेक्षा आपल्या निर्णयाला उपयोगी असे दोन अभ्यास सांगतो. २०१९ च्या अभ्यासात टॅकल फुटबॉलच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढताना दिसली. २०२३ च्या अभ्यासात ६३१ मेंदूंची तपासणी झाली, आणि विकाराचा मेळ निदान झालेल्या कंकशनच्या संख्येशी नव्हे, तर डोक्याने आयुष्यभरात सोसलेल्या धक्क्यांच्या एकूण जोराशी बसला. म्हणजे कंकशन झाले तर बाहेर काढू, हे आश्वासन ज्या मारापासून वाचवते तो मार वेगळा, आणि जो साचत जातो तो वेगळा.

जिवंत माणसात सीटीईचे खात्रीशीर निदान आजही होत नाही. बाराव्या वर्षाआधी सुरुवात केल्याने अधिक नुकसान होते का, यावर पुरावे उलटसुलट आहेत, म्हणून त्या आधारावर मी काही सांगणार नाही. मात्र खेळाची एकूण वर्षे किती, हा हिशेब बराचसा आपल्या हातात आहे, आणि तो सातवीपासून मोजायचा की नववीपासून, एवढे तरी आपण ठरवू शकता.

फिरस्ता

चर्चा एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. अमेरिकेच्याच सरकारी संस्थेने, निऑशने, १९५९ ते १९८८ या काळात किमान पाच हंगाम खेळलेल्या ३,४३९ एनएफएल खेळाडूंचा मागोवा घेतला होता, आणि ते सर्वसाधारण अमेरिकी पुरुषांपेक्षा जास्त जगतात असे आढळले होते. हे का सांगितले जात नाही? दुसरे असे, की धोका कोणत्या खेळात नसतो? २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर फिल ह्यूजच्या मानेवर चेंडू बसला आणि तो गेला. त्याआधी १९९८ मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगवर उभा असलेला आपला रमण लांबा गेला. म्हणून कोणी मुलांच्या हातातली बॅट काढून घेतली नाही. घरात बसून स्क्रीनकडे पाहणाऱ्या, चाळिशीत मधुमेह होणाऱ्या आपल्या पिढीने मैदानाची एवढी भीती घालू नये.

करडापदार्थ

फिरस्ता, तो अभ्यास आपण अचूक उद्धृत केला आहे. परंतु त्याच खेळाडूंविषयी २०१२ मध्ये आलेल्या पुढच्या निष्कर्षात चेताविकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तिप्पट निघाले, आणि अल्झायमर व एएलएस (स्नायू निकामी करत नेणारा चेताविकार) या दोन आजारांत ते चौपट होते. उत्तम शरीरयष्टीचे, कमी धूम्रपान करणारे लोक जास्त जगले यात नवल नाही. प्रश्न ते शेवटची वर्षे कोणत्या अवस्थेत जगले हा आहे.

क्रिकेटच्या उदाहरणाबद्दल एकच म्हणतो. लांबा यांना चेंडू लागला तो अपघात होता, आणि तसे पुन्हा होऊ नये म्हणून खेळाडू अंतर राखतात, हेल्मेट घालतात. फुटबॉलमध्ये धडक हा अपघात नसून तेच मुळी काम आहे. नियमांचे तंतोतंत पालन झाले, एकही आगळीक झाली नाही, तरीही पुढच्या रांगेतला मुलगा संध्याकाळपर्यंत पन्नास-साठ धडका घेऊनच घरी येतो.

सदाफुली

आमचा मुलगा जॉर्जियामध्ये सहा वर्षे खेळला, नववीपासून लेफ्ट टॅकल या पुढच्या रांगेतल्या जागेवर. आता तो तेवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो आणि ठीक आहे. हे आधी सांगितले, कारण वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो आणि माझ्याही मनात तो दर काही दिवसांनी येतो. एखादा शब्द त्याला पटकन आठवला नाही तरी मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहते.

हंगामाच्या शेवटी धुण्यासाठी सामान घरी यायचे तेव्हाचे एक सांगते. मुलांचे हेल्मेट पांढरे होते. त्याच्या कपाळाच्या भागावर लाल, निळे, हिरवे, पिवळे असे रंगांचे ओरखडे असत. पहिल्या वर्षी मला वाटले मुलांनी रंग खेळून ठेवले आहेत. ते प्रत्येक प्रतिस्पर्धी संघाच्या हेल्मेटचे रंग होते. जिथे जिथे डोके डोक्यावर आपटले तिथला रंग घासून इकडे आला होता. मी ते खरवडायला घेतले तेव्हा मुलाने माझा हात धरला. ते पुसायचे नसतात, असे तो म्हणाला. ज्याच्या हेल्मेटवर जास्त ओरखडे त्याचा मान मोठा.

डोक्याविषयी वर लिहिले गेले आहे, म्हणून मी दोन दुर्लक्षित गोष्टी लिहिते. पहिली वजनाची. नववीत तो ७८ किलोंचा होता, बारावीत ११९. प्रशिक्षकांनी सांगायचे की वजन वाढवा, आणि मराठी आईला याहून गोड सल्ला कोणता असणार? मी लोणकढे तूप वाढत होते, रात्री दहाला पुन्हा अंडी उकडत होते, आणि पोर खाते आहे म्हणून समाधानाने झोपत होते. सतराव्या वर्षी त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून तपासण्या कराव्या लागल्या. व्यावसायिक लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतले खेळाडू, तीनशे पौंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या पुढे असतात, आणि शाळकरी मुले त्यांच्याकडे पाहूनच ताट भरतात. एवढे वजन नंतर उतरवायचे कसे, हे सांगायला मात्र कोणी प्रशिक्षक नसतो. आमच्या मुलाला त्यासाठी तीन वर्षे लागली.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि आपण टेक्ससमध्ये आहात म्हणून ती मला मेंदूच्या खालोखाल महत्त्वाची वाटते. सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, अंगावर पॅड आणि डोक्यावर हेल्मेट असते. २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सचा कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरात उष्माघाताने गेला. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा लाइनमन २९ मे रोजी धावण्याच्या सरावात कोसळला आणि १३ जूनला गेला. रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान १०६ अंश फॅरेनहाइट होते. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवलेच गेले नव्हते; आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढे या मृत्यूची कायदेशीर व नैतिक जबाबदारी संस्थेची असल्याचे जाहीरपणे मान्य केले. उष्माघातात आधी जागच्या जागी थंड करायचे आणि मग रुग्णवाहिकेत घालायचे, असा क्रम आहे. तो पाळला तर मूल वाचते. म्हणून प्रशिक्षकांना भेटायला जाल तेव्हा एकच विचारा: गार पाण्याची टाकी कुठे आहे, आणि ती आज भरलेली आहे का?

खेळाने त्याला काय दिले तेही लिहायला हवे. आमच्या घरात त्याच्याएवढा शब्दाचा पक्का माणूस नाही. पहाटे साडेपाचला कोणी न उठवता तो उठतो. ते सगळे फुटबॉलमुळेच आले की कोणत्याही संघात आले असते, हे मी सांगू शकत नाही, पण आले ते तिथे.

जुनी वही

मूळ प्रश्नातील संमतीच्या मुद्द्याकडे कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. माझा विषय अमेरिकी इतिहास आहे, आणि या खेळावरील नैतिक टीका सीटीईपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच फुटबॉलवर टीका करत होते. खेळाडूंनी एकमेकांना धरून पाचरीसारखी रचना करायची आणि एका माणसावर तुटून पडायचे, असा एक डावपेच तेव्हा होता. तो १८९४ मध्ये बंद करावा लागला. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू मेले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्या ऑक्टोबरात थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. गंमत अशी, की रूझवेल्ट स्वतः या खेळाचे चाहते होते, त्यांचा मुलगा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता आणि त्याच हंगामात त्याचे नाक मोडले. धागाकर्त्याची अडचण राष्ट्राध्यक्षांनाही चुकली नव्हती. पुढच्या वर्षी चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि दोन्ही रांगांमध्ये अंतर आले. आज जो वेगवान, देखणा खेळ आपण पाहतो तो त्या मृत्यूंतून जन्मला आहे.

तीच गोष्ट पुन्हा घडली. कडक हेल्मेट आल्यावर खेळाडू डोकेच हत्यारासारखे वापरू लागले, आणि १९६८ मध्ये मैदानावरील थेट इजांनी ३६ जण दगावले. १९७६ मध्ये डोक्याने टॅकल करण्यास बंदी आली, हेल्मेटचे मानक ठरले, आणि १९९० मध्ये अशा मृत्यूंची संख्या शून्यावर आली. म्हणजे हा खेळ सुधारत नाही असे नाही. रक्त दिसले की नियम बदलतात. करडापदार्थ यांनी वर्णन केलेला मुका मार तीस वर्षांनी, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, विसरलेल्या गॅसच्या रूपाने प्रकट होतो, आणि तेव्हा स्टेडियममध्ये कोणीच नसते.

आता सहीविषयी. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट लुईस ए अँड एम या कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. विद्यापीठीय खेळांची नियामक संघटना एनसीएए त्याच सुमारास 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द सगळीकडे रुजवत होती, आणि तो आपणच घडवला हे तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे आत्मकथनात सांगून टाकले. खेळाडूला विद्यार्थी म्हटले की तो कामगार राहत नाही, आणि कामगार नसला की त्याच्या डोक्याची जबाबदारी मालकावर येत नाही. तिकिटे आणि टीव्हीचे पैसे मात्र कॉलेजकडे जात राहिले. खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेण्याची मोकळीक मिळायला २०२१ उजाडले.

व्यावसायिक पातळीवरही हेच दिसते. निवृत्त खेळाडूंच्या दाव्यात एनएफएलने २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पुढे ती मर्यादा काढली गेली आणि प्रत्यक्ष देणे अब्जावर गेले. परंतु स्मृतिभ्रंश किती झाला हे ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी होती असे गृहीत धरणारे कोष्टक वापरले जात होते, त्यामुळे त्याची घसरण कागदावर लहान दिसे. दोन माजी खेळाडू न्यायालयात गेल्यावर २०२१ मध्ये ते थांबवण्याचे एनएफएलने मान्य केले. ज्या लीगमधले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि संघांचे मालक जवळजवळ सगळे गोरे, तिथे हे कोष्टक वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांत खुपले नव्हते.

म्हणून त्या कागदाकडे मी संशयाने पाहतो. पालकाला माहिती मिळावी हा त्याचा एक हेतू असेल. पण सही झाली, की धोका पत्करणारा तुमचा मुलगा आणि परवानगी देणारे तुम्ही, असा त्याचा अर्थ होतो, आणि ज्यांनी स्टेडियम बांधले ते त्या वाक्यातून अलगद बाहेर पडतात. पैसे घेऊन खेळणाऱ्या प्रौढ खेळाडूंची गोष्ट वेगळी. ख्रिस बोरलँड सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून एकच हंगाम खेळला आणि २०१५ मध्ये, चोविसाव्या वर्षी, संशोधन वाचून निवृत्त झाला. त्याचा निर्णय ही खरी संमती, कारण तिच्यात नाही म्हणण्याची ताकद होती. बारा वर्षांच्या मुलाला सगळे गाव शुक्रवारी ज्या दिशेने चालत जाते त्या दिशेला नाही म्हणता येत नाही.

मोठ्या संस्थेला ते एकदा म्हणता आले होते. रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल संघच बंद केला. चारच वर्षांपूर्वी सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या पहिल्या हाइजमन पारितोषिकाचा मानकरी ठरलेला जे बर्वांगर याच विद्यापीठाचा होता. रिकाम्या झालेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील पायऱ्यांखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी, जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला प्रक्रिया घडवण्यात आली. (मैदानाचा तो अधिक निर्धोक उपयोग होता असे मी म्हणत नाही.)

मी रविवारचे सामने पाहतो का, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो: पाहतो. त्याचे समर्थन माझ्याकडे नाही.

सदाफुली

जुनी वही, आपला मुद्दा पटला, पण एक भर घालते. सगळी जबाबदारी फक्त सहीवर येऊन थांबत नाही. सराव कसा घेतात यालाही फार महत्त्व आहे, कारण धडका सामन्यांपेक्षा सरावातच जास्त होतात. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० पासून सरावात आपल्याच खेळाडूंना पाडणे बंद केले; मुले गाद्यांवर आणि पुढे चाकांवर धावणाऱ्या यांत्रिक पुतळ्यावर टॅकल शिकत. संघ हरत बसला नाही, उलट जिंकू लागला. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथ, हार्वर्ड, येल अशा आठ संस्थांच्या गटातल्या, सर्व संघांनी हंगामातील सरावापुरता तो नियम स्वीकारला. आपल्या शाळेत आठवड्यातून किती मिनिटे पूर्ण धडकांचा सराव होतो, हेही विचारा. उत्तर लगेच मिळाले नाही, तर तेही उत्तरच समजा.

धागाकर्ता: उत्तरडॅलसकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंगळवारी प्रशिक्षकांना भेटून आलो. माणूस सज्जन आहे, मुलांवर त्याचा जीव आहे, आणि माझ्या प्रश्नांचा त्याला राग आला नाही. सरावातील धडकांच्या मिनिटांची नोंद त्यांच्याकडे होती, ती त्याने दाखवली. पाण्याच्या टाकीचे विचारल्यावर मात्र त्याला किल्ली शोधावी लागली. सामानाच्या खोलीत, अगदी मागच्या भिंतीला लागून, काळ्या प्लॅस्टिकची मोठी टाकी होती, आणि तिच्यात गेल्या हंगामातले खांद्यांचे पॅड काठोकाठ रचलेले होते. ऑगस्टपूर्वी ती रिकामी करून मैदानाजवळ नेण्याचे त्याने कबूल केले आहे. बाहेर त्या वेळी ३९ अंश तापमान होते.

या वर्षी आणि पुढच्या वर्षी टॅकल नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. करडापदार्थ यांचा वर्षांचा हिशेब मला कळला, आणि नववीत त्याला काय वाटते ते तेव्हा पुन्हा ऐकू. तोपर्यंत फ्लॅग फुटबॉल, ज्यात कमरेची पट्टी ओढली की डाव संपतो आणि कोणी कोणाला पाडत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ असणार आहे, हे मी मुलाला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, पण फ्लॅग बघायला शुक्रवारी कोण येतं?"

मला उत्तर देता आले नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी जुनी वही यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला तेव्हा रूझवेल्टच्या मुलाच्या नाकापाशी तेवढा हसला. तो कागद मी माझी रेघ रिकामी ठेवून शाळेला परत केला आहे. ऑगस्टमध्ये मैदानावरून जाताना टाकी बाहेर आलेली दिसली, तर इथे कळवीन.